गाय मिळते, गव्हाण कोण भरणार?

गाय घ्यायला आमच्याकडे पैसे मिळतात. बँक देते, बचत गट देतो, सावकार तर देतोच, पुण्याला नोकरीला लागलेला पुतण्याही हौसेनं देतो. ती गाय दावणीला आल्यावर तिच्या गव्हाणीत रोज काय टाकायचं, यासाठी मात्र सहजासहजी कोणी हात पुढे करत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात दुधाची जनावरं सांभाळताना आणि बचत गटाचं दप्तर लिहिताना मी पाहिलं ते हेच: घरं बुडतात ती गव्हाणीपाशी. नव्यानं या धंद्यात उतरणाऱ्यांना आणि त्यांना मदत करू पाहणाऱ्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे लिहिते.

आमचा मुलूख बालाघाटच्या पठारावरचा, पावसाच्या लहरीवर जगणारा. 2015-16 च्या दुष्काळात धाराशिव जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तरीही भूम-वाशीच्या पट्ट्यात दूध टिकलं, ते खव्यामुळे. कच्चं दूध काही तासांत नासतं, खवा पुण्या-मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचतो. म्हणून गावोगाव भट्ट्या उभ्या राहिल्या. हमरस्त्यावर सरमकुंडी फाट्याला गाड्या पेढ्यासाठी थांबतात आणि 2024 मध्ये याच पट्ट्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नाव झालं. पण नाव झाल्यानं दूध घालणाऱ्या बाईच्या पदरात चार पैसे जास्त पडतातच असं नाही.

बाजारातली गाय आणि घरची गाय

आमच्या घरी आलेल्या एका संकरित गायीचं दूध बाजारात सोळा लिटर सांगितलं होतं. हेड्यानं, म्हणजे दलालानं, कास दाखवली, ती भरून तटतटलेली होती. घरी आल्यावर दूध अकरावर थांबलं. विकायच्या आदल्या दिवशी दूध न काढता कास तुंबवून ठेवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाय लांबून आणलेली असते, टेम्पोचं भाडं दिलेलं असतं, मग माघारी कोण नेणार?

म्हणून गाय बघायला जाल तेव्हा मुक्कामाच्या तयारीनं जा. संध्याकाळी डोळ्यांसमोर कास पूर्ण रिकामी करून घ्या, ते दूध हिशेबात धरू नका. बारा तासांनी सकाळची धार काढा, पुन्हा बारा तासांनी संध्याकाळची. या दोन वेळांची बेरीज म्हणजे त्या गायीचं खरं दूध. चारही सडांची पहिली धार काळ्या कापडावर घ्या. दुधात गाठी किंवा रक्ताचा अंश दिसला, तर कासदाह आहे किंवा होऊन गेलेला आहे, असं समजा. गाय दुसऱ्या-तिसऱ्या वेताची बघा. जमेल तर बाजारापेक्षा शेतकऱ्याच्या गोठ्यातून घ्या, कारण तिथं ती काय खाते हेही दिसतं.

वहीतला हिशेब

गटात कर्जाचा अर्ज आला की मी आधी हा हिशेब मांडायला लावते. गाय 12 लिटरची आणि दर 30 रुपये धरा, म्हणजे दिवसाला 360 रुपये. आता खर्च. गोळी पेंड 6 किलो, साधारण 200 रुपये. हिरवा चारा 20 किलो, विकतचा असेल तर 60. कडबा 5 किलो, 40. क्षार मिश्रण आणि औषधपाण्याचे सरासरी 15. झाले 315. उरले 45. गायीसाठी 80,000 रुपये तीन वर्षांच्या बोलीवर, 12 टक्के व्याजानं घेतले असतील, तर महिन्याचा हप्ता साधारण 2,650 रुपये, म्हणजे दिवसाला 88. ही तूट, आणि तीही घरच्या बाईची पहाटेपासूनची मजुरी न धरता. शिवाय विण्याआधी दोन महिने गाय आटवावी लागते. तेव्हा दूध नसतं, खाणं असतंच, हप्ताही असतो.

मग या धंद्यात टिकणारे टिकतात कसे? हिरवा चारा घरचा असतो म्हणून. विकतचा 60 रुपयांचा चारा रानातला असला की 20-25 रुपयांत पडतो. तो सकस असला की पेंडही किलो-दीड किलोनं कमी लागते. तूट तिथंच भरून निघते. कालवडी आणि शेणखत हा वरचा आधार.

म्हणून गायीच्या आधी चारा उभा करा. गायीमागे दहा गुंठे नेपिअर किंवा मका आणि त्याला उन्हाळ्यातही पुरेल एवढं पाणी नसेल, तर गाय आणू नका. पिण्यालाच एका गायीला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. मका चिकात असताना कुट्टी करून हवाबंद पिशवीत दाबून भरला, तर दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि मार्च ते जूनचं संकट हलकं होतं. आमच्याकडे ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आलं, त्यामुळे कडबा महागला. सोयाबीनच्या भुसकटावर दूध निघत नाही. उसाचे वाढे स्वस्त मिळतात म्हणून महिनोन्महिने तेच टाकणारे आहेत. वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे गायीच्या अंगातला चुना कमी होतो, मग ती व्यायल्यावर बसते आणि उठत नाही. वाढे टाकायचेच तर थोडे टाका आणि सोबत क्षार मिश्रण चुकवू नका.

बिनव्याजी उचल

घरात दुखणं निघालं तेव्हा दूध गोळा करणाऱ्या एकानं आम्हाला उचल दिली. व्याज नाही म्हणाला. खरंच व्याज लावलं नाही, दर लावला. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ठरतो, त्याखाली दर पॉइंटला, म्हणजे 0.1 ला, कपात होते. आमचं एसएनएफ रोज 8.2. पावती मागितली की मशीनचा कागद संपलेला. त्याच सकाळचं दूध बाटलीत घालून दुसऱ्या केंद्रावर तपासलं, तर 8.5 निघालं. पण उचल फिटेपर्यंत दूध हलवायचं नाही, अशी बोली होती. तीन पॉइंटची कपात आणि काट्यावर रोज गाळली जाणारी थेंबाथेंबाची घट यांची बेरीज केली, तेव्हा सावकाराचं व्याज परवडलं असतं असं वाटलं.

भट्टीवरही हेच चालतं. तिथं दुधाचा भाव खव्याच्या उताऱ्यावर ठरतो. ढोबळमानानं गायीच्या पाच लिटर दुधाचा किलोभर खवा पडतो, म्हशीच्या चार लिटरचा. पण कढईतून निघालेला खवा कोणाच्या तराजूवर मोजला जातो, हे बघायला हवं. उतारा डोळ्यांसमोर काढून घ्या. ज्याच्याकडे दूध घालता, त्याच्याकडून कर्ज घेऊ नका. रोजची छापील पावती घ्या आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार आला की पावत्या जुळवा. महिन्यातून एकदा तेच दूध दोन ठिकाणी तपासा.

जनावरांच्या खाण्यासाठी खेळतं भांडवल मिळत नाही, असंही नाही. 2019 पासून किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळतं. 2 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेवर फेडलं, तर व्याज 4 टक्के पडतं. बँकेत लगेच होकार मिळेल असं नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कानातला बिल्ला

2022 मध्ये लम्पी हा जनावरांचा त्वचारोग आला. आमची एक गाय गेली. विमा होता. पण आजारात कान सुजून चिघळला, बिल्ला गळून पडला आणि बिल्ला नाही तर दावा नाही, असं उत्तर आलं. त्या वेळी सरकारनं दुधाळ गायीमागे 30,000 रुपये भरपाई दिली, म्हणून थोडं सावरलो. बिल्ला पडला तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नवा मारून घ्या, त्याचा नंबर वहीत लिहा आणि बिल्ल्यासकट गायीचा फोटो काढून ठेवा. 2024 मध्ये दर कोसळले तेव्हा सरकारनं लिटरमागे आधी 5 आणि पुढे 7 रुपये अनुदान दिलं, तेही बिल्ल्याची नोंद आणि आधारशी जोडलेलं खातं असलेल्यांनाच.

मदत करणाऱ्यांसाठी

नुसती जनावरं वाटून गरिबी हटत नाही, हे आपण दोनदा पाहिलं आहे. 1978 नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात देशभर गायी-म्हशी वाटल्या गेल्या. कितीतरी दारांतून त्या वर्षभरात विकल्या गेल्या, काही तर कागदावरच होत्या. 2006 च्या विदर्भ पॅकेजमध्ये कोरडवाहू शेतकऱ्यांना अनुदानावर संकरित गायी दिल्या. चारा नाही, दूध घेणारा नाही, म्हणून अनेकांनी त्या देऊन टाकल्या. याउलट 1946 मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सुरुवात झाली ती गायी वाटून नव्हे, तर असलेलं दूध मोजून घेऊन आणि त्याचे पैसे नियमित देऊन. त्यातूनच अमूल उभी राहिली.

म्हणून गावाकडच्या भावाला, मावशीला, गटाला मदत करायची असेल, तर पहिली रक्कम कुट्टी यंत्राला, मुरघासाच्या पिशव्यांना, विम्याच्या हप्त्याला द्या. चार घरांना मिळून दूध तपासायचं यंत्र घेऊन द्या. आमच्या गटात पेंडीसाठी फिरती रक्कम ठेवली आहे. ती दुधाच्या पगारातून दर दहा दिवसांनी परत येते आणि दुसरीच्या दाराला जाते. खव्याची भट्टी टाकायची असेल, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे. पण भट्टीपेक्षा आधी शहरातल्या दुकानदाराची उधारी किती दिवसांची, ते ठरवून घ्या. दिवाळीला गेलेल्या खव्याचे पैसे संक्रांतीपर्यंत अडकले, तर दूधवाल्यांना पगार कशातून देणार?

आणि दुसरी गाय मागायला कोणी आलं, तर आधी पहिलीची वही मागा. वही असेल, चारा उभा असेल, पावत्या जुळत असतील, तर बेलाशक पैसे द्या. नसेल, तर त्या घरावर दुसरं कर्ज चढवू नका. त्यांच्याजवळ बसून पहिल्या गायीची वही लिहून द्या.