हुक्क्यात पाणी असतं ना, ताई?

अगं, तुझा हा प्रश्न वाचून हसूच आलं. खरं सांगू का, कॉलेजात मीही हेच ऐटीत सांगायचे. सफरचंदाचा वास म्हणून हुक्का जवळजवळ फराळातच धरला होता मी! पण बघ, पाणी धूर गार करतं, धुऊन काढत नाही. थोडं निकोटिन पाण्यात उतरतं, बाकी बहुतेक सगळं छातीत. गार धूर घशाला बोचत नाही, म्हणून आपण तो लांब, खोल ओढतो. एका बैठकीत शंभर सिगारेटींएवढा धूर आत जाऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्येच सांगितलंय.

परवा हुक्का ओढून डोकं गरगरलं ना तुझं? त्याला 'किक' म्हणू नकोस. चिलमीवरचा निखारा आठव. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये म्हणतात, ते ज्या कार्बन मोनॉक्साइडमुळे, तोच हा. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. श्वास चालू, पण मेंदूच्या नि हृदयाच्या पेशी उपाशी! मैत्रीण 'हर्बल आहे गं' म्हणते ना, त्यावरही निखारा तोच असतो.

श्वासनलिकेतल्या पेशींना केसांहून बारीक तंतू असतात. ते हलून हलून कफ, धूळ वर ढकलतात. धुरानं ते मंदावतात, म्हणून तुझं ते सकाळचं खाकरणं. रक्तवाहिन्यांचं अस्तरही दुखावतं, आणि काही रसायनं थेट डीएनएला इजा करतात; कर्करोगाची भीती तिथून.

आता रडत बसू नकोस. सोडलंस की एक-दोन दिवसांत तो कार्बन मोनॉक्साइड रक्तातून जातो, तंतूही हळूहळू कामाला लागतात. शनिवारी मैत्रिणींनी पुन्हा नळी पुढे केली, तर 'मला चढतं, नको' एवढंच म्हण, कारणं देत बसू नकोस. एकटीला जमेना, तर १८००-११-२३५६ वर फोन कर, तंबाखू सोडवायला मदत करतात, फुकट. नळी सगळ्यांच्या तोंडून फिरलीय, तेव्हा खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयासाठी थुंकी तपासून घे.

आणि कधी डोकं ठणकून ओकारी आली, तर आधी मोकळ्या हवेत ये आणि थेट दवाखाना गाठ. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडला फसतो, आकडा छान दाखवतो. म्हणून डॉक्टरांना 'हुक्का ओढला' असं स्पष्ट सांग. आईला काय सांगायचं ते मी बघते.