आधी ऐका

वाचन: याकोब 1:19



स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपूरला आले. कॉलेजमुळे त्यांचे नाव आपल्या ओळखीचे आहे. पण उपदेश करायला आलेला हा सेवक गोंड बांधवांपुढे विद्यार्थी होऊन बसला. एका परधानाने तोंडी सांगितलेली लिंगोची कथा त्यांनी गोंडी भाषेतच उतरवून घेतली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली प्रसिद्ध केली.

ऐकण्यात तत्पर आणि बोलण्यात सावकाश असावे, असे याकोब शिकवतो. आपण आदिवासी गावात कपडे, औषधे घेऊन जातो, फोटो काढतो आणि दिवस मावळायच्या आत परततो. त्या घरच्या आजीचे नाव तरी विचारतो का? वस्तूने गरज भागते; ऐकून घेतल्याने माणसाचा मान राहतो.

पुढच्या भेटीत अर्धा तास काही न शिकवता नुसते त्यांच्या ओसरीवर बसा आणि ते सांगतील ते ऐका.

प्रार्थना: हे प्रभू, आमचे हात तू उघडलेस, आता आमचे कानही उघड. आमेन.