दारू सोडणाऱ्यांची मीटिंग : शोधावी कशी, बसावं कसं



गेल्या अंकात खोडव्याविषयी लिहिले होते. या वेळचा विषय उसाचा नाही, पण ऊसबिलाशी त्याचा संबंध आहे. बिल खात्यावर जमा झाले की पुढचे चार दिवस काही घरांत चूल धड पेटत नाही, हे गटागटांत सर्वांना ठाऊक आहे. बोलत मात्र कोणी नाही. मळीपासून मद्यार्क साखर कारखानदारीच काढते, तेव्हा या विषयाचा संकोच आम्हाला तर मुळीच शोभणार नाही.

मध्यंतरी गट ऑफिसात एका सभासदाने विचारले, "ती दारू सोडणाऱ्यांची मीटिंग म्हणतात, ती असते कुठं? आणि तिथं करतात काय?" विचारण्याआधी त्याने दार लोटून घेतले होते. त्याला सांगितले तेच इथे लिहितो.

ही मीटिंग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे 'ए.ए.'ची. नाव उघड न करता एकत्र येणारे मद्यपी, असा त्याचा अर्थ. सुरुवात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन या गावी झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल नावाचा एक शेअरदलाल तिथे हॉटेलात एकटाच होता. दारू सोडून पाचेक महिने झालेले, धंद्यातला सौदा फिसकटलेला, आणि त्याच हॉटेलात दारूचा बार. त्याने बारकडे न जाता फोन गाठला आणि चर्चच्या माणसांकडे विचारीत विचारीत दारूत बुडालेला दुसरा माणूस शोधून काढला. तो निघाला सर्जन, डॉक्टर बॉब. या डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस ए.ए.चा स्थापनादिवस मानतात. आम्हाला यातले एक फार पटले. त्याने उपदेश करणारा शोधला नाही, आपल्यासारखाच पिणारा शोधला. भारतात हे काम १९५७ पासून आहे.

आता शोधायची कशी? मीटिंग बहुधा संध्याकाळी, एखाद्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा दवाखान्याच्या खोलीत भरते. बाहेर पाटी असेलच असे नाही. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करावी. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले पुण्याचे मुक्तांगणही आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. वार, वेळ आणि जागा मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यावी, कारण जागा बदलतात. मीटिंग 'खुली' की 'बंद' हेही विचारावे. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची, खुलीत घरचे माणूस किंवा आमच्यासारखा चौकस इसमही बसू शकतो.

आम्ही एका खुल्या मीटिंगला जाऊन बसलो. दहा-बारा माणसे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा. रजिस्टर नाही, सही नाही, आडनाव कोणी विचारीत नाही. एकेक जण आपले पहिले नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि स्वतःची हकीकत सांगतो. मध्ये कोणी तोंड घालीत नाही, सल्ला देत नाही. नव्या माणसाला बोलायचे नसेल तर नुसते ऐकावे, चालते. फी नाही. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला टाकायचे तो टाकतो, नव्याने नाही टाकले तरी कोणी बघत नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. जातपात, धर्म, थकबाकी, काही आड येत नाही. एका ट्रक ड्रायव्हरने सांगितले की जन्मभर सोडायची म्हटले की छाती दडपते, म्हणून तो फक्त आजचा दिवस धरतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. जो रोज सकाळपासून पितो त्याने एकाएकी बंद करू नये. हात थरथरतात, फिट येते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते. आधी डॉक्टर, मग किंवा सोबत मीटिंग.

घरच्या बाईमाणसांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट आहेत. नवरा येवो न येवो, वहिनींनी तिथे जायला हरकत नाही.

आमच्या त्या सभासदाचे खरे दुखणे निराळेच होते. म्हणाला, "तिथं आपल्या गावचं कोण भेटलं म्हंजे?"

आम्ही म्हटले, "जो भेटेल तो तिथं काय भजनाला आला असंल?"

हसला. तरीपण शेजारच्या तालुक्याचीच मीटिंग बरी म्हणाला. तसे तर तसे, त्यात काही बिघडत नाही. येत्या गुरुवारी जायचे ठरले आहे. मीटिंग साडेसहाला, परतीची शेवटची एस.टी. नवाला. ती वेळ आम्ही डेपोत विचारून त्याच्या वहीत लिहून दिली आहे.