बालरोगतज्ज्ञ होण्याची वाट

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे बालरोगशास्त्राचे पहिले सूत्र होय. दोन महिन्यांखालील अर्भकाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा चालला, तर ती धोक्याची खूण समजतात. एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी हीच मर्यादा ४० आहे. औषधाची मात्राही बहुधा वजनावरून ठरते. आपले दुखणे सांगू न शकणाऱ्या रुग्णाचे निदान करणे, हे या शास्त्राचे मर्म आहे.

मुंबईत परळ येथे १९२९ मध्ये वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. पुढे या शाखेचा मोठा विस्तार झाला. परंतु तज्ज्ञ प्रामुख्याने शहरांतच एकवटले. १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात बालकुपोषणाचा प्रश्न जुना आहे. सातपुड्याच्या पाड्यावरील मातेशी पावरीत किंवा भिलोरीत बोलू शकणारा डॉक्टर येथे विशेष उपयोगी ठरेल. असा डॉक्टर शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावातूनच का घडू नये?

त्याची वाट अशी : बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय हवेत. त्यानंतर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा. ती मराठीतूनही देता येते. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता असते. नंतर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन बालरोगशास्त्रातील एम.डी.ची तीन वर्षे पूर्ण करावी लागतात. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षांची ही साधना आहे. नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने वैद्यकीय शिक्षण जिल्ह्याच्या दाराशी आले आहे.

अनेकदा अडचण बुद्धीची नसते, कागदपत्रांची असते. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. पूर्वजांचे जुने दाखले वेळेवर न मिळाल्यास गुणवान विद्यार्थ्याचीही संधी हुकू शकते. म्हणून शिक्षकांनी अकरावीतच हा अर्ज भरून घ्यावा. ग्रामपंचायतीने जन्मनोंदीचे उतारे व शाळेने प्रवेशनोंदीचे उतारे तत्परतेने द्यावेत. विज्ञान शिक्षकांनी आठवीपासूनच अशी मुले-मुली हेरून त्यांच्या पालकांना या वाटेची माहिती द्यावी.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात अर्भकांची काळजी घेतली व बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटविले. १९९९ मध्ये हे कार्य जगापुढे आले. जाणकार डॉक्टर आणि जागरूक गाव एकत्र आल्यास काय साधते, याचा तो पुरावा आहे. आज वेळेवर दिलेला एक दाखला उद्याच्या अशा डॉक्टरची पहिली पायरी ठरू शकेल.