दवाखान्यासाठी व्हीपीएन फायरवॉल राउटर : निवड कशी करावी?

वैद्यकीय व्यवसायात पाऊल टाकताना रुग्णाची गुपिते जपण्याची शपथ आपण सर्वांनी घेतली आहे. त्या काळी रुग्णाची माहिती केसपेपरवर असे आणि केसपेपर कपाटात असे. कपाटाची किल्ली कंपाउंडरकडे दिली की आपली जबाबदारी बऱ्याच अंशी पार पडे. आता ती माहिती संगणकात असते, संगणक इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्या कपाटाला जगभरातून हात लागू शकतो. या नव्या कपाटाचे कुलूप म्हणजे राउटर. इंटरनेटची कंपनी जो डबा भिंतीवर लावून जाते तो पुरेसा आहे, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाची तपासणी करावी, हाच या लेखाचा हेतू.

मी अभियंता नाही, बालरोगतज्ज्ञ आहे. आपल्यापैकी अनेकांप्रमाणे माझाही सकाळचा दवाखाना शहराच्या जुन्या भागात, संध्याकाळचा नव्या वसाहतीत आणि घर तिसरीकडे आहे. ही तीन ठिकाणे जोडण्याच्या निमित्ताने जो अभ्यास घडला, त्याचे सार येथे मांडत आहे.

प्रश्न किती गंभीर आहे?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकप्रणालीवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले. शासनाने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार नेटवर्कचे योग्य विभाजन केलेले नसणे, हे याचे कारण होते. आपल्या भाषेत सांगायचे तर संसर्गजन्य रुग्ण आणि नवजात अर्भके एकाच वॉर्डात ठेवली होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांची चित्रफीत इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघडकीस आले. तेथे चोरीला गेली ती स्त्री-रुग्णांची लाज. कोणत्याही नुकसानभरपाईने ती परत करता येत नाही.

लहान दवाखान्यांकडे कोण लक्ष देणार, असे कुणी म्हणेल. परंतु असे बहुतेक हल्ले माणूस पाहून होत नाहीत. उघडी दारे शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. माझ्या परिचयातील एका सहव्यावसायिकांच्या दवाखान्यात संगणक बसविणाऱ्याने दुरून दुरुस्ती करण्याच्या सोयीसाठी एक दार थेट इंटरनेटकडे उघडे ठेवले होते. एके दिवशी सर्व नोंदी कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. पैशांपेक्षा मोठा प्रश्न पुढे उभा राहिला. लसीकरणाचे कार्ड हरवलेले पालक येत आणि कोणत्या मुलाला कोणता डोस झाला, कोणाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हे सांगण्यास काहीच आधार उरला नव्हता.

तीन शब्दांचा अर्थ

राउटर म्हणजे दवाखान्यातील सर्व संगणकांना एकाच बाह्य जोडणीवरून इंटरनेट देणारे यंत्र. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. आतून कुणी विचारणा केली असेल तर तिचे उत्तर तो आत येऊ देतो, न बोलावता आलेल्याला परत पाठवतो. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरून जाणारा बंद बोगदा. त्यातून जाणारी माहिती सांकेतिक रूपात असल्याने वाटेत कुणाच्या हाती लागली तरी तिचा अर्थ लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. जाहिरातींमध्ये दिसणाऱ्या व्हीपीएन सेवा आपला इंटरनेटवरील पत्ता झाकण्यासाठी असतात. आपल्याला हवा असलेला व्हीपीएन आपल्याच घरातून आपल्याच दवाखान्यात पोहोचविणारा असतो आणि तो आपल्या राउटरवर चालतो. त्यासाठी दरमहा वर्गणी भरावी लागत नाही.

खरेदीपूर्वी निदान

तपासणीविना औषध लिहू नये, तसे गरज न मोजता यंत्र घेऊ नये. किती ठिकाणे जोडायची? बाहेरून एका वेळी किती जण काम करणार? फक्त नोंदी पाहायच्या की सोनोग्राफी व एक्स-रेच्या मोठ्या फाइलीही? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच जेल रोडवर किंवा आर.एन.टी. मार्गावरील संगणकांच्या बाजारात जावे. एकच दवाखाना असेल आणि घरून काम करावयाचे नसेल, तर व्हीपीएनची गरज नाही. चांगली फायरवॉल मात्र तरीही हवी.

निवडीचे निकष

१. व्हीपीएनचा वेग : खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग साध्या वाहतुकीचा असतो. सांकेतिक रूपांतर करताना यंत्राला अधिक श्रम पडतात आणि वेग पुष्कळ घटतो. म्हणून माहितीपत्रकातील व्हीपीएनचा स्वतंत्र आकडा पाहावा. घरून दवाखान्यातील फाइल उघडताना दवाखान्याच्या जोडणीचा अपलोडचा वेग कामी येतो, हेही ध्यानात ठेवावे.

२. व्हीपीएनचा प्रकार : आयपीसेक, ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड हे आज विश्वासार्ह मानले जातात. पीपीटीपी हा जुना प्रकार काही यंत्रांत अजूनही दिसतो. त्याची सुरक्षा भेदता येते हे कधीच सिद्ध झाले आहे, तेव्हा तो वापरू नये.

३. नेटवर्कचे विभाजन : व्हीलॅन ही सोय अवश्य असावी. नोंदींचे संगणक एका कक्षात, कॅमेरे दुसऱ्यात, प्रतीक्षाकक्षातील पालकांचे वायफाय तिसऱ्यात ठेवावे. सोनोग्राफी वा एक्स-रेच्या यंत्राला जोडलेला जुना संगणक बहुधा अद्ययावत करता येत नाही. त्याला विलगीकरण कक्षच योग्य. मधला स्विच व वायफायचे यंत्रही व्हीलॅन ओळखणारे आहे ना, हे विचारून घ्यावे.

४. दोन जोडण्या : रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणे हा आपल्या शहरात नित्याचा अनुभव. दोन कंपन्यांच्या जोडण्या घेऊ शकणारा राउटर एक बंद पडताच दुसरीवर जातो.

५. अद्ययावत करण्याची हमी : राउटरचे आतील सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. त्यातील दोष उघडकीस येतात तसे निर्माते सुधारणा देतात. लसीच्या बूस्टर डोसासारखेच हे आहे. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील किमान पाच लाख राउटर व तत्सम यंत्रे बाधित केली होती. ज्या यंत्राला सुधारणा मिळणे थांबले आहे ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

जोडणीतील दोन अडचणी

पहिली अडचण पत्त्याची. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा वेळी बाहेरून आपला दवाखाना सापडतच नाही. उपाय सोपा आहे : निदान एका ठिकाणी कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी, मागून घ्यावा. दुसरे टोक त्याला शोधून घेते.

दुसरी अडचण अंतर्गत पत्त्यांची. दोन्ही दवाखान्यांत १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतील, तर एकाच क्रमांकाची दोन घरे असल्यासारखी स्थिती होते आणि पत्र कुठे द्यावे हे राउटरला कळत नाही. एका ठिकाणी तिसरा आकडा १० आणि दुसऱ्या ठिकाणी २० ठेवावा.

बसविल्यानंतर

कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. व्हीपीएनसाठी प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे. बाहेरून राउटरची मांडणी बदलण्याची सोय आणि यूपीएनपी बंद ठेवावे. रिमोट डेस्कटॉप कधीही थेट इंटरनेटकडे उघडू नये, ते व्हीपीएनमधूनच वापरावे. राउटरला छोटा यूपीएस जोडावा.

बोगद्यातून औषध जाते तसा रोगही जातो. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून शिरलेला नॉटपेट्या हा प्रोग्राम मर्स्क कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलपर्यंत पोहोचला आणि तेथील काम ठप्प झाले. म्हणून दोन दवाखाने जोडताना सर्व काही खुले न ठेवता फक्त नोंदींच्या संगणकापर्यंतच वाट द्यावी.

राउटर हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. फसव्या ई-मेलमधील फाइल आपणच उघडली तर पहारेकरी काय करणार? यास्तव नोंदींची एक प्रत नियमितपणे वेगळ्या डिस्कवर घ्यावी, काम होताच ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी आणि प्रत उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

कायद्याची बाजू

आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे, हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने आपल्यावर बंधनकारक केले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्यासारख्यांना किती दंड होईल हा प्रश्न वेगळा, पण कायद्याचा रोख स्पष्ट आहे.

माझ्या विषयात रुग्ण स्वतः बोलू शकत नाही. त्याच्या वतीने आई विश्वासाने सर्व सांगते : घराण्यातील आजार, गर्भारपणातील अडचणी, कधी घरातले दुःखही. ते बाळ मोठे होईल तेव्हा आपल्याविषयी काय लिहून ठेवले होते आणि ते कुणी कुणी वाचले, हे विचारण्याचा त्याला अधिकार असेल. त्या प्रश्नाला निःशंक उत्तर देता यावे, एवढ्यासाठी तरी या रविवारी भिंतीवरचा तो डबा एकदा उतरवून पाहावा. त्याचे वय, त्याचा पासवर्ड आणि त्याच्या शेवटच्या सुधारणेची तारीख तपासावी, म्हणजे पुढचा उपचार ठरविणे सोपे जाईल.