परग्रह आणि पूर्वग्रह : 'स्टार वॉर्स'च्या साम्राज्यावर एक पाठ



मराठीत 'ग्रह' हा शब्द मोठा गमतीचा आहे. आकाशात फिरतो तोही ग्रह आणि मनात बसतो तोही ग्रह. 'माझा असा ग्रह झाला' असं आपण म्हणतो, 'गैरग्रह नको' असंही म्हणतो. त्यामुळे आठवीच्या वर्गात फळ्यावर 'पूर्वग्रह' लिहिलं की एखादा हात वर येतोच, "बाई, हा कुठला ग्रह?" हा प्रश्न हसण्यावारी न नेता तिथूनच पाठ सुरू करावा, असं मला वाटतं.

पूर्वग्रह हा विषय वर्गात घेणं अवघड का जातं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. जात, धर्म, प्रांत, बोली यांचं नाव काढलं की वर्ग गप्प होतो. मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात. 'सर्व माणसे समान आहेत' असं सुवाच्य अक्षरात लिहितात, आणि मधल्या सुट्टीत पुन्हा तेच टोपणनाव मारतात. म्हणून मी गेली काही वर्षं या विषयासाठी एका लांबच्या आकाशगंगेत जाते. तिथे आमच्या वर्गातलं कुणीच राहत नाही, त्यामुळे सगळेच मोकळेपणाने बोलतात.

ज्यांनी 'स्टार वॉर्स' पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज लुकास यांचा या मालिकेतला पहिला चित्रपट 1977 साली आला. त्यात असंख्य ग्रह आहेत, त्यांवर नाना प्रकारचे जीव राहतात आणि या सगळ्यांवर एका साम्राज्याची सत्ता आहे. सम्राट पॅल्पटीन, काळ्या मुखवट्यातला डार्थ व्हेडर आणि पांढऱ्या चिलखतातले सैनिक हे या साम्राज्याचे चेहरे. साम्राज्याविरुद्ध बंडखोर लढतात, त्यांच्यात लूक, लेया राजकन्या, हान सोलो आणि हानचा केसाळ, उंचापुरा वूकी जोडीदार च्युबाका असतो. पाठापुरतं एवढं पुरे.

मोजायला लावा

पहिलं काम अगदी सोपं. दोन दृश्यं थांबवून दाखवायची. एक, मॉस आयझ्ली गावातला गुत्ता. तिथे शिंगवाले, सोंडवाले, मोठ्या डोळ्यांचे, असे सगळे एकाच छताखाली पीत बसलेत. दुसरं, साम्राज्याच्या महाकाय युद्धतळावरची बैठक. गोल टेबल, करडे गणवेश, अधिकाऱ्यांची रांग. मुलांना म्हणायचं, मोजा. पहिल्यात किती जातीचे जीव? मुलं ओरडून ओरडून मोजतात. दुसऱ्यात किती? एकच. सगळी माणसं, त्यातही सगळे पुरुष, त्यातही सगळे गोरे.

आता गंमत अशी की त्या चित्रपटात कुठेही 'परग्रहवासीयांना प्रवेश नाही' असा हुकूम ऐकू येत नाही, कुणी भाषण ठोकत नाही. साम्राज्य माणसांनाच श्रेष्ठ मानतं हे पुढच्या कादंबऱ्यांनी आणि मालिकांनी उघड सांगितलं. पडद्यावर दिसतं ते एवढंच की तिथे दुसरं कुणी नाही. जे नाही ते बघायची सवय मुलांना नसते. आपल्यालाही नसते. पाहुण्यांच्या स्वागताला पुढे कोण उभं असतं, वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर कुणाचा फोटो कधीच येत नाही, हे किती जण मोजतात? मी हा प्रश्न वर्गात लगेच विचारत नाही. तो मुलंच विचारतात, साधारण तिसऱ्या तासाला.

'हे' काय घेऊन चाललात?

आता या पाठातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग. लेयाला सोडवायला लूक आणि हान सैनिकांची चिलखतं चढवतात, च्युबाकाला बेड्या घालतात आणि कैदी म्हणून त्याला युद्धतळातून मिरवत नेतात. तुरुंगाचा अधिकारी त्याच्याकडे बघून विचारतो की ही वस्तू कुठे चाललीय. त्याने 'हा कोण' असं विचारलेलं नाही. इंग्रजीत त्याने वापरलेला शब्द निर्जीव वस्तूला वापरतात तो आहे.

इथे चित्रपट थांबवून मुलांना दोन गोष्टी विचारते. एक, ही युक्ती चाललीच कशी? अनोळखी सैनिक एका वूकीला बेड्या घालून नेतायत आणि वाटेत कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. कारण साम्राज्यात बेड्यांतला वूकी ही रोजची गोष्ट आहे. 2014 साली सुरू झालेल्या 'रिबेल्स' या मालिकेत तर केसेलच्या खाणीत गुलाम म्हणून नेलेले वूकी दिसतात, त्यात एक पिल्लूही आहे. अन्याय रोजचा झाला की कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि नायक मंडळी नेमका त्याचाच फायदा उठवतात.

दुसरा प्रश्न मराठीचा आहे. त्या अधिकाऱ्याचं वाक्य आपल्या भाषेत लिहा. मुलं लिहितात, "हे काय घेऊन चाललात?", "हे ध्यान कुठून आणलं?" एकाने लिहिलं होतं, "हे बेणं कोणाचं?" सगळ्यांनी न सांगता नपुंसकलिंग वापरलेलं असतं. मग 'ते' हा शब्द फळ्यावर घ्यायचा. 'ते आलं' आणि 'ते आले'. सर्वनाम तेच आहे, पण क्रियापदाच्या शेवटी 'आलं' असेल तर समोर अस्वल असतं, 'आले' असेल तर गुरुजी. माणूस आणि वस्तू यांच्यातलं अंतर आपल्या भाषेत एका अनुस्वाराचं आणि एका मात्रेचं आहे. लिंगविचाराचा हा तास मुलं कधी विसरत नाहीत, व्याकरणाच्या पेपरातसुद्धा उपयोगी पडतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर वीटभट्टीवरची मुलं येतात आणि उन्हाळ्यात जातात. त्यातल्या एका मुलाचं नाव हजेरीपटावर होतं, पण वर्गात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. 'ते भट्टीवालं' म्हणायचे. 'ते भट्टीवालं आलं बघ.' या तासाला फळ्यावर 'आलं' आणि 'आले' लिहिल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आपण पण असंच म्हणतो." कुणाबद्दल, ते तिने सांगितलं नाही. तो मुलगा खिडकीजवळ बसला होता. मी विषय तिथेच सोडला आणि पुढचं दृश्य लावलं. अशा वेळी त्या मुलाकडे सगळ्या वर्गाचं तोंड वळवणं म्हणजे त्याला पुन्हा बेड्या घालून मिरवणं आहे. नाव त्याला त्याच आठवड्यात परत मिळालं. सगळ्यांकडून नाही, सात-आठ जणांकडून.

चांगल्या बाजूची माणसं

बरेच शिक्षक इथे थांबतील, साम्राज्य वाईट, बंडखोर चांगले, घंटा. पण खरी मजा पुढे आहे. तोच गुत्ता पुन्हा लावा. एवढ्या जातींच्या जीवांना दारू देणारा तो मालक लूकबरोबरच्या दोन यंत्रमानवांना मात्र आत येऊ देत नाही. यांच्यासारख्यांना इथे काही मिळणार नाही, असं बजावतो. आणि लूक काय करतो? वाद घालत नाही. त्यांना बाहेर थांबायला सांगतो. त्यातला सोनेरी यंत्रमानव तर मनापासून होकार देऊन निघून जातो. दाराबाहेर उभं राहायची त्याला इतकी सवय आहे!

पुढे ज्या च्युबाकाने जीव धोक्यात घालून लेयाला सोडवलं, त्यालाच ती 'चालता गालिचा' म्हणते आणि वाटेतून हटवायला सांगते. लेया शूर आहे, साम्राज्याविरुद्ध उभी आहे, तिचा ग्रह साम्राज्याने उडवून दिलाय. तरी तिच्या तोंडून हे येतं. आणि शेवटी विजयाचा सोहळा. लूकला पदक, हानला पदक. च्युबाका शेजारीच उभा, त्याला पदक नाही. तो नुसता गुरगुरतो. हे पदक प्रेक्षकांच्या मनात इतकं सलत राहिलं की 2019 च्या चित्रपटात त्याच्या हातात एकदाचं पदक दिलं गेलं. म्हणजे 42 वर्षांनी.

मुलं इथे हमखास भांडतात. "बाई, लेया चिडली होती." "बाई, तो प्राणी आहे ना, त्याला पदक कशाला?" भांडू द्या. उत्तर देण्याची घाई करू नका.

टाळ्या कुणी वाजवल्या?

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे नववी-दहावीला, 2005 चा चित्रपट घ्यावा. युद्धाला कंटाळलेल्या सभेसमोर पॅल्पटीन सुरक्षिततेसाठी प्रजासत्ताकाचं साम्राज्य करतो, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. त्या सभागृहात बसलेत कोण? सर्व जातींचे प्रतिनिधी, शिंगवाले, सोंडवाले. पुढे ज्यांचे ग्रह लुटले जाणार तेही त्याच सभागृहात आहेत. त्या युद्धात फुटीर बाजूच्या म्होरक्यांत परग्रहवासी बरेच होते, त्यामुळे 'ते तसलेच' हा शेरा मारणं पुढे सोपं झालं. जिओनोसिस ग्रहावरच्या कीटकसदृश लोकांचं उदाहरण सगळ्यात भयंकर. महाशस्त्राचे पहिले आराखडे त्यांच्याचकडचे, ते बांधायला सुरुवातही त्यांच्याच ग्रहाच्या माथ्यावर झाली, आणि काम संपल्यावर साम्राज्याने विषारी वायूने तो सगळा समाज संपवला. गणवेश आणि सैनिकांची नावं जर्मनीची आठवण करून देतात ती उगाच नाही. इतिहासाच्या शिक्षकांनी हा धागा पुढे न्यावा, माझा विषय मराठी.

थ्रॉनचं काय करायचं?

एखादा हुशार विद्यार्थी विचारेलच, "पण बाई, थ्रॉन तर परग्रहवासी होता, तरी मोठा अधिकारी झाला." बरोबर आहे. निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा हा सेनानी टिमथी झान यांनी 1991 च्या कादंबरीत आणला. 2017 च्या कादंबरीत त्याचे अकादमीतले दिवस आहेत, तिथे सहाध्यायी त्याला हिणवतात, मारहाणही करतात. तो टिकला कारण सम्राटाला त्याचा उपयोग होता. एकाला वर घेतलं की बाकीच्यांना दार बंद ठेवणं सोपं जातं, 'बघा, आमच्याकडे सगळ्यांना संधी आहे' म्हणता येतं.

पण थ्रॉनची मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे. तो शत्रूच्या जमातीची चित्रं, शिल्पं, नक्षी तासन्‌तास अभ्यासतो. त्यांची मनं ओळखतो. आणि मग त्यांना हरवतो. आपण शाळेत राज्याराज्यांचे पोशाख घालून कार्यक्रम करतो, पदार्थ मांडतो, नाच बसवतो. हौशीने करतो, करावंच. पण एखाद्या समाजाच्या कलेची माहिती असणं आणि त्या समाजातल्या मुलाला बाकावर शेजारी जागा देणं यांत काहीच नातं नसू शकतं, हे थ्रॉनइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुठल्या पात्राने सांगितलेलं नाही.

पालकांना एक सांगायचंय. 'हे सगळं काल्पनिक आहे, मुलांना काय कळणार' असं म्हणू नका. 2017 च्या चित्रपटात केली मरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीने बंडखोराची भूमिका केली. समाजमाध्यमांवर तिचा इतका वंशद्वेषी छळ झाला की तिने आपल्या पोस्ट काढून टाकल्या. छळणारे स्वतःला 'स्टार वॉर्स'चे चाहते म्हणवत होते. बंडखोरांच्या बाजूने टाळ्या वाजवतच ते मोठे झाले असणार.

च्युबाकाची वाक्यं

शेवटचा उपक्रम घरीही करता येईल. त्याच गुत्त्यात ग्रीडो नावाचा हिरवा शिकारी आपल्या भाषेत बोलतो, तेव्हा खाली इंग्रजी अक्षरं उमटतात. च्युबाका पूर्ण चित्रपटभर बोलतो, पण त्याच्या बोलण्याखाली एकदाही काही उमटत नाही. त्याचा आवाज बेन बर्ट यांनी अस्वल, वॉलरस अशा प्राण्यांच्या आवाजांतून घडवला. तो काय म्हणाला ते आपल्याला हानच्या उत्तरावरून ताडावं लागतं. अहिराणी, पावरी किंवा गोरमाटी बोलणारी मुलं ज्यांच्या वर्गात आहेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. हान सोलोने वूकींची भाषा शिकून घेतलीय, एवढा एक गुण मी त्याला देते.

तर मुलांना च्युबाकाची वाक्यं लिहायला द्यायची, बेड्या घालताना एक, गालिचा म्हटल्यावर एक, पदकाच्या वेळी एक. घरात दुसरी बोली असेल तर त्या बोलीत. गुण द्यायचे नाहीत, शुद्धलेखन तपासायचं नाही. गेल्या वर्षी बहुतेकांनी पदकाच्या वेळी 'मला पण द्या' अशा अर्थाचं लिहिलं. खिडकीजवळच्या त्या मुलाने बेड्यांच्या दृश्याखाली लिहिलं होतं, "सैल बांधा, मला परत पण यायचंय." फेब्रुवारीतच त्यांची भट्टी हलली. त्याची वही माझ्या कपाटात आहे. तुमच्या शाळेत भट्टीवरची मुलं येत असतील, तर हा पाठ दिवाळीनंतर पहिल्या पंधरवड्यात घ्या, मार्चपर्यंत थांबू नका. दृश्यं मिळून वीस मिनिटांच्या आत बसतात, बाकीचे तीन तास बोलण्यासाठी ठेवा.