दूरचित्रवाणी घरोघरी कशी आली?



जी वस्तू जन्मापासून आपल्या घरात असते, तिच्याविषयी आपणांस सहसा प्रश्न पडत नाही. दूरचित्रवाणीचा संच ही अशीच एक वस्तू होय. परंतु आपल्या आजी-आजोबांना विचारून पाहा. वाड्यात पहिला टी. व्ही. कोणाच्या बिऱ्हाडी आला आणि तो पाहावयास किती मंडळी जमत, हे ते आजही अचूक सांगतील. श्रीमंताच्या दिवाणखान्यात शोभणारे हे यंत्र दोन खोल्यांच्या संसारात कसे येऊन पोहोचले, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या यंत्राचा आरंभ ओढगस्तीतच झाला. जॉन लोगी बेअर्ड नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने आपली पहिली जुळणी चहाचे खोके, टोपीची पेटी, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे आणि लाख अशा किरकोळ सामानातून केली. २६ जानेवारी १९२६ रोजी लंडन येथे त्याने विद्वानांच्या एका मंडळीस हलते चित्र दाखविले. आपण पुस्तकाचे पान एकदम न वाचता ओळीमागून ओळ वाचतो. तद्वत हे यंत्र चित्राच्या ओळी पाडून एकामागून एक पाठविते आणि पलीकडचे यंत्र त्या पुन्हा जुळविते. बेअर्डच्या चित्रास अवघ्या ३० ओळी होत्या. आपल्या देशात पुढे ६२५ ओळींची पद्धत स्वीकारण्यात आली. परंतु एका कल्पक पुरुषाने अडगळीतून यंत्र उभारणे निराळे आणि तेच यंत्र लाखो कुटुंबांस परवडणे निराळे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, अमेरिकेत आर. सी. ए. या कंपनीने दहा इंची पडद्याचा एक संच बाजारात आणला. त्याची किंमत सुमारे पावणेचारशे डॉलर होती. साधारण पगारदारास ती झेपणारी नव्हती. लवकरच मोटोरोला कंपनीने सात इंची पडद्याचा संच दोनशे डॉलरांच्या आत देऊ केला आणि त्यास मोठे गिऱ्हाईक लाभले. याच सुमारास अर्ल मन्ट्झ नावाचा जुन्या मोटारींचा एक व्यापारी या धंद्यात शिरला. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. हातात पक्कड घेऊन तो आपल्या कारागिरांपाशी जाई आणि संचातील एकेक भाग तोडून काढी. चित्र नाहीसे झाले, की म्हणे, “एवढा शेवटचा भाग तेवढा परत बसवा.” अशा काटकसरीने त्याने आपल्या संचाची किंमत पुष्कळच खाली आणली.

या गोष्टीवर हसण्यापूर्वी तिच्यातील शास्त्र ध्यानी घेतले पाहिजे. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात. प्रक्षेपणाचा मनोरा जवळ असेल, तर त्या जोरकस येतात आणि साधे यंत्रही त्या सहज टिपते. मनोरा दूर असेल किंवा मध्ये डोंगर असेल, तर त्या क्षीण होतात आणि त्यांस बळ देण्यासाठी यंत्रात अधिक भाग घालावे लागतात. अर्थात किंमत वाढते. मन्ट्झचे संच मोठ्या शहरांत उत्तम चालत, दूरच्या गावी मात्र चित्र फिके पडे. त्याचा स्वस्तपणा खरा होता, पण तो दुसऱ्या कोणी उभारलेल्या मनोऱ्याच्या आधाराने उभा होता. आपल्या पुण्याची कथा याच मुद्द्यापाशी सुरू होते.

हिंदुस्थानात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झाले. पुणे मुंबईहून फार दूर नाही. पण मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. घरोघरी महागडी यंत्रे घेऊन ही भिंत ओलांडणे कोणास परवडले असते? तेव्हा १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपणाचा मनोरा उभारण्यात आला. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरील या गडाने मुंबईचे कार्यक्रम झेलावे आणि खालच्या शहरात सोडावे, अशी योजना होती. ज्या गडाने एके काळी प्रदेशाची राखण केली, त्याने आता दिवठणीचे काम पत्करले. आणि दिवा उंचावर ठेवल्यामुळे वाड्यातील लहानसे यंत्रही उजळले.

संच देशातच व्हावेत, म्हणूनही कित्येकांनी कष्ट घेतले. राजस्थानात पिलानी येथील सरकारी संशोधनसंस्थेने संचाची रचना तयार करून ती कारखानदारांस दिली. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने ‘ईसी’ नावाचे संच काढले. पूर्वीच्या व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आल्याने यंत्र हलके झाले आणि वीजही कमी लागू लागली. चित्रनलिकेची काच हा मोठा खर्चाचा भाग. ती काच तयार करण्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९८६ साली आपल्या महाराष्ट्रातच, तळोजा येथे कारखाना काढला. पूर्वी संचासाठी दरसाल परवाना शुल्कही भरावे लागे. तेही १९८० नंतरच्या दशकात रद्द झाले. अशा रीतीने चोहोबाजूंनी ओझे उतरत गेले, तेव्हा कोठे कारकून आणि कामगार हप्त्याने का होईना, कृष्णधवल टी. व्ही. घेऊ लागले.

तरीही पुष्कळ वर्षे एका संचावर अनेक घरे अवलंबून होती. लाकडी पेटीतील तो टी. व्ही. सरकत्या झडपांआड कुलपात असे. वारा सुटला, की एखादा मुलगा कौलांवर चढून ॲन्टेना फिरवी आणि खालून घोष होई, “आलं, आलं! गेलं! पुन्हा फिरव!” शनिवारचा मराठी चित्रपट आणि ‘किलबिल’सारखे मुलांचे कार्यक्रम पाहावयास सारा वाडा लोटे. माझ्या बालपणी आमच्या चाळीत एकच संच होता. आमच्या घरी तो घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी संकोचाने शेजारच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहत असे. एके शनिवारी त्या घरच्या आजींनी काही न बोलता टेबल थोडे सरकविले आणि संचाचे तोंड दाराकडे केले. पुढे तो तसाच राहिला. खोलीतील मंडळींस थोडे तिरपे बसावे लागे, पण कोणी कुरकुर केली नाही. त्या दिवसापासून मी उंबऱ्याच्या आत बसू लागलो.

मित्रहो, वस्तू स्वस्त होते, ती एकट्या शोधकाच्या बुद्धीने होत नाही. कोणी उंचावर मनोरा बांधतो, कोणी रचना खुली करतो, कोणी काच ओततो. आणि जेथे यांपैकी कोणाचाच हात पोहोचत नाही, तेथे कोणी शेजारीण आपले टेबल सरकविते. आज बहुतेक घरांत टी. व्ही. आहे आणि पुष्कळांच्या खिशात त्याहून चतुर यंत्र आहे. तथापि आपल्या वर्गात उंबऱ्याबाहेर उभे असलेले एखादे मूल आजही असेल. त्याच्याजवळ कदाचित पुस्तक नसेल, कदाचित शिकवणी नसेल. आपल्याजवळ जे आहे, त्याचे तोंड त्याच्याकडे वळविण्यास पैसा लागत नाही. आपण थोडे तिरपे बसलो, म्हणजे पुरे.